जेवणाच्या सुट्टीतला हात

पेन डाव्या बाजूला पडलं होतं.

आक्का जेवून आल्या, खुर्ची ओढली आणि तशाच उभ्या राहिल्या. काळी सपाट पाटी मधोमध आणि पेन उजवीकडे, ही मांडणी त्यांनी इतक्या वर्षांत कधी मोडली नव्हती. जपमाळेला आणि पेनाला परका हात लागलेला त्यांना खपत नसे.

बाहेर काउंटरवर मालकांची सून पाकिटं चिकटवत बसली होती. डावखुरी.

त्या स्टुडिओत फोटो काढायला येणारे थोडे, जुने फोटो नवे करून घ्यायला येणारेच जास्त. ते काम आक्कांचं. पाटीवर पेन फिरायचं आणि समोरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर उडालेले डोळे, पुसलेल्या भुवया परत उमटायच्या. आक्कांनी पापणी ओढली की माणूस बघायला लागतो, असं गिऱ्हाइकं म्हणायची. देवानं पदरात मूलबाळ घातलं नाही, पण हा हात दिला, असं त्या म्हणत. ही खुर्ची सोडून त्यांना दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं. घरी काय, भिंतीशी बोला नाहीतर नळाशी.

म्हणून तर जीव टांगणीला लागला होता.

सून आली आणि एकेक गोष्ट बदलत गेली. आधी तिनं पेनावर जाडजूड रबराचं आवरण चढवलं. बोटं दुखत नाहीत म्हणाली. आक्कांनी ते काढून खणात टाकलं. मग चहा. पूर्वी मालक काठोकाठ भरलेला कप आणून द्यायचे, आता ही अर्धाच द्यायची.

आक्कांनी एकदा विचारलंच, "उरलेला अर्धा कुणासाठी गं, मांजर पाळलंयस का?"

"तो संपवा, आक्का. मग गरम गरम परत देते," ती हसून म्हणाली. गोड बोलण्यात कुणाला हार जायची नाही ती.

आणि एके दिवशी तर पेनाच्या सेटिंगमधला एक आकडा वाढवलेला सापडला. हात हलला तरी रेघ गुळगुळीत यावी म्हणून शिकाऊ माणसं तो वाढवून घेतात. आक्कांनी तो मुकाट्यानं शून्यावर आणला. म्हणजे शिकणं सुरू होतं तर, तेही आपल्याच पेनानं.

तेव्हापासून पेन बिघडल्यासारखंच झालं होतं. सकाळभर नुसतं हटून बसायचं, इकडे ओढावं तर तिकडे जायचं. नशिबानं जेवून आल्यावर तेच काम स्वच्छ दिसे. पोटात अन्न गेलं की डोळेही निवतात, असं म्हणून आक्का फाइल पुढे पाठवून देत.

खालच्या शिलाईवाल्या मावशींना त्यांनी सगळं सांगितलं. मावशींनी दातातला दोरा तोडला आणि त्या म्हणाल्या की यात कोडं कसलं? घरची सून आली की बाहेरच्या बाईचा पाट उचलला जातो. मालक काय, आज ना उद्या गोड बोलून हार घालतील आणि निरोप देतील.

"तू आपली भोळी," मावशी म्हणाल्या. "तुझं बघून बघून शिकतेय ती. एकदा रंगेहाथ धर, मग बोल."

दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या गृहस्थांचं काम होतं. वारलेल्या बायकोचा एकुलता एक फोटो, ओलीनं चेहरा धुऊन गेलेला. संध्याकाळी न्यायला येणार होते. जाताना हात जोडून एवढंच म्हणाले होते, "तिला पुन्हा तिच्यासारखी करा."

आक्कांनी सकाळभर खपून भुवया आणि पापण्या पुऱ्या केल्या. मग नेहमीसारखी पिशवी घेतली, जेवून येते म्हणाल्या आणि जिना उतरल्या. पण घराकडे न वळता मागच्या बोळातल्या जिन्यानं वर येऊन त्या जुन्या डार्करूमच्या दारानं आत शिरल्या. तिथून कामाच्या खोलीत उघडणारं दार बोटभर फटीएवढं उघडं होतं. त्यांनी दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि डोळा फटीला लावला.

त्यांच्या खुर्चीत सून. तिच्या डाव्या हातात त्यांचं पेन. चष्मा कपाळावर चढवून मालक मागे उभे.

मावशीची जीभ काळी खरी.

"अजून किती दिवस लपवायचं त्यांच्यापासून?" मालकांनी विचारलं.

"जमेल तितके. कळलं तर त्या इथे क्षणभर थांबायच्या नाहीत, बाबा."

हेच ऐकायचं राहिलं होतं. या घराला आपण आपलं मानलं, यांच्या आजारपणात नवस बोललो, आणि हा त्याचा प्रसाद. आता दार ढकलायचं आणि तोंडावर विचारायचं, एवढंच बाकी होतं.

तेवढ्यात मालक पडद्याजवळ वाकले.

"इतकी सफाईदार नको. आक्कांनी ओढलेली भुवई शेवटाला किंचित वर जाते. जेवून आल्यावर त्यांना आपलंच काम वाटलं पाहिजे."

"हो, तशीच ओढते." सून बाजूला सरकली.

पडद्यावर त्या बाईंचा चेहरा होता. एक भुवई नुकतीच ओढलेली, शांत. दुसरी सकाळची, आक्कांची. शाईत बुडालेली मुंगी कपाळावरून वाट चुकत गेल्यासारखी ती रेघ वेडीवाकडी कानापर्यंत उतरली होती.

दाराची मूठ केव्हापासून बारीक खडखडत होती. आक्कांनी हात काढून घेतला, तशी ती थांबली.