अठ्ठावन्नवर कुलूप

क्लेटनने आधी तारांचा फोटो काढला. जुना थर्मोस्टॅट भिंतीवरून उतरवण्यापूर्वी फोटो काढायचाच, हा त्याचा नियम. घर तापवणाऱ्या हीट पंपाची नारिंगी तार चुकीच्या जागी बसली, की ऐन जानेवारीत घरात गार हवा सुटते आणि गिऱ्हाईक फोनवर तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतं.

थर्मोस्टॅटवर प्लास्टिकची पारदर्शक पेटी होती आणि पेटीला कुलूप. ओपल रॅट्लिफने किल्ली काढून दिली. ती स्वतःच्याच घरात अंगात कोट घालून उभी होती.

"किल्ली मालकांकडे असायची वाटतं?" क्लेटनने विचारलं.

"हॉबर्टच्या खिशात. तेवीस वर्षं. माझ्या हाती आली गेल्या आठवड्यात."

स्वयंपाकघराच्या ओट्यावर चर्चमधल्या बायकांनी आणलेली झाकणबंद भांडी ओळीने मांडलेली होती. चिकन-भात, मॅकरोनी, भाजलेलं रताळं. प्रत्येक भांड्याला चिकटपट्टी आणि तिच्यावर जिचं तिचं नाव. दाराशी एका खोक्यात पुरुषाचे बूट आणि पट्टे भरून ठेवले होते. क्लेटन पलीकडच्या काउंटीतला, या घरात पहिल्यांदाच आलेला. पण टेनेसीच्या डोंगरात वाढलेल्या माणसाला अशा ओट्याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"मला कळलं नव्हतं, मिस ओपल. वाईट वाटलं फार."

"लोक चांगले आहेत रे," ओपल म्हणाली. "पण एवढं खाणार कोण? जाताना ते रताळं घेऊन जा."

पेटी उघडली. काटा अठ्ठावन्न फॅरेनहाइटवर होता, म्हणजे जेमतेम चौदा सेल्सिअस. क्लेटनने शीळ घातली.

"अठ्ठावन्न! मिस ओपल, आमच्याकडे याहून गरम खोलीत डुकराचं मांस टिकवतात."

"रात्री तेवढंही नसायचं. झोपताना तो पन्नासवर आणायचा आणि सकाळी उठला की परत अठ्ठावन्न. कोणी कुरकुर केली तर म्हणायचा, स्वेटर घाल."

क्लेटन हसला. मग त्याने विचारलं, "रोज? रोज रात्री कमी आणि सकाळी जास्त?"

"एक दिवस चुकला नाही. का?"

मेलेल्या माणसाची उणीदुणी काढू नयेत, हे त्याला आईने शिकवलं होतं. पण ओपल त्याच्याकडे बघत होती आणि तिची नजर हटेना.

"अहो, हीट पंप बैलासारखा. सावकाश चालतो, पण सारखा चालतो. एका आकड्यावर सोडून द्यायचा असतो. सकाळी एकदम आकडा वर नेला, की त्याला जमत नाही. मग आतली विजेची कॉइल पेटते, गीझरसारखी. ती वीज पिते नुसती. रात्री जे वाचलं, ते सकाळी दुप्पट गेलं."

"म्हणजे काहीच वाचलं नाही?"

"आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, मॅम. सत्तरवर ठेवून निवांत बसला असतात, तरी वीज एवढीच लागली असती."

ओपल खुर्चीवर बसली. हात मांडीवर घट्ट धरलेले.

"माझी आई तीन हिवाळे राहिली इथे, मागच्या खोलीत," ती म्हणाली. "काठीने भिंत ठोकायची. 'ओपल, बोटं आखडली गं.' मी उठले की हा म्हणायचा, बस खाली. आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा. तिसऱ्या फेब्रुवारीत गेली. डॉक्टरने न्यूमोनिया लिहिलं. मी पण तेच धरून बसले, की चला, निदान घर तरी चाललं." तिने मान हलवली. "कवडीचुंबक मेला. आणि कवडीही चिकटली नाही."

"जाऊ द्या. आता तुमचं राज्य."

"जाऊ कशी देऊ? मला सूड हवाय, क्लेटन."

"मग घेऊ की! चौऱ्याहत्तरवर लावू. जिथे असतील तिथे जळफळाट होईल त्यांचा." त्याने नवा थर्मोस्टॅट बसवला, फोटो पाहून एकेक तार लावली. बाहेरचं यंत्र घुमायला लागलं आणि जाळीतून ऊब आली. ओपलने तिथे हात धरला आणि तिचे डोळे भरले.

"ही मागची खोली," क्लेटन म्हणाला, "तिथे आता तुम्ही झोपत नाही ना?"

"मी? छे. आई गेल्यापासून मी तिथे कधी झोपले नाही."

"मग तिकडे ऊब कशाला वाया घालवायची? घराखालच्या पोकळीत रांगत जाऊन त्या खोलीची गरम हवेची वाहिनी बंद करतो. फक्त खोली बर्फ होईल हां."

ओपलने थोडा विचार केला. "तू यातला माणूस. तू म्हणतोस तर कर."

तो अर्ध्या तासात मातीने माखून बाहेर आला, नव्या थर्मोस्टॅटला तिच्या आवडीचा गुप्त आकडा घालून दिला, रताळ्याचं भांडं घेतलं आणि म्हणाला, "काही लागलं तर हाक मारा, मिस ओपल. एकटीने काढायचे दिवस अवघड असतात."

"माझं निभेल," ओपल म्हणाली.

त्याची गाडी उतारावरून दिसेनाशी होईपर्यंत ती दारात उभी राहिली. दुपारभर घर तापू दिलं. कोट काढला, स्वेटर काढला, अर्ध्या बाह्यांच्या झग्यात बसून मॅकरोनी खाल्ली. चार वाजता तिने मागच्या खोलीचं दार उघडलं. भाड्याने आणलेल्या पलंगावर हॉबर्ट पडला होता. अर्धांगवायूच्या झटक्याने वाचा आणि हातपाय गेलेले, पण ऐकू सगळं येतं, असं डॉक्टर म्हणाले होते. ओपलने त्याच्या उशाशी खुर्ची ओढली आणि विजेची कॉइल कशी पेटते ते त्याला सावकाश, नीट समजावून सांगितलं. मग तिने त्याच्या अंगावरची दोन्ही पांघरुणं काढून घडी केली, काखेत धरली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.