चुलीपर्यंत

पुन्हा धागे तुटले, तेव्हा देवरावनं हातातला कुंचा खाली टेकवला.

सकाळची पाजणी चालली होती. इतवारी बाजारामागच्या विणकरांच्या गल्लीत लुगड्याच्या उभ्या धाग्यांचा ताणा या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला होता आणि देवराव कुंच्यानं त्याला खळ लावत होता. खळ म्हणजे तांदळाच्या पिठाची कांजी. नीट शिजली तर सूत कणखर होतं, नाही तर मागावर चढण्याआधीच तुटतं. आज खळीत गुठळ्या होत्या. असं कधी होत नसे.

खळ शिजवावी ती देवरावच्या थोरल्या भावानं, नत्थूजीनं, असं सारी गल्ली म्हणायची. पण आणीबाणी लागली त्या आठवड्यात दोघे भाऊ याच ताण्याच्या दोन बाजूंना उभे राहून भांडले होते.

"घर म्हटलं की वर एक हात पाहिजेच गा," नत्थूजी म्हणाला होता. "नाही तर जो तो आपली चूल वेगळी मांडते."

"दिल्लीनं फौज पाहावी, रेल्वे चालवावी," देवराव उसळला होता. "राज्याचं राज्याले राहू द्यावं, घराचं घराले. वरचा हात चुलीपर्यंत काहून येऊन राहिला?"

शब्दानं शब्द वाढला. भांडण दिल्लीचं, भिंत मात्र अंगणात उभी राहिली. तेव्हापासून खळीचा गंज, म्हणजे पातेलं, देवरावची बायको गोपिका आणू लागली. खळ थेट नत्थूजीच्या हातची वाटे. देवराव चहाच्या टपरीवर ऐटीत सांगे, वरच्या हातावाचून आपलं काही अडलं नाही म्हणून.

अडलं होतं ते वेगळंच. ताण्याच्या पलीकडे आता मजुरीचा माणूस उभा राही. भिंतीआडून नत्थूजीचा खोकला ऐकू आला की देवरावचा कुंचा थांबे. हाक मारावी असं फार वाटे. पण पहिली हाक कुणी मारायची, हे काही ठरत नव्हतं.

काल रेडिओवर बातमी आली. निवडणुकीत दिल्लीचं सरकार पडलं. देवरावनं फटाक्यांची लड आणली आणि नत्थूजीच्या दारासमोरच लावली. नत्थूजीनं बाहेर येऊन चार शिव्या दिल्या असत्या तरी त्याला चाललं असतं. खरं तर त्याला तेच हवं होतं. दार उघडलं नाही.

"आज खळ अशी काहून झाली वं?" देवरावनं विचारलं.

गोपिकानं पदर सावरला. "आज म्या शिजवली."

"अन् रोज?"

ती भिंतीकडे पाहत राहिली. "रोज गंज घेऊन मी तिकडे जात होती. तुमचे दादा शिजवून देत होते. कालच्यानंतर कोणत्या तोंडानं जाऊ?"

देवरावनं तो गंज गटारात रिकामा केला, नळावर धुतला आणि स्वतःच भिंतीला वळसा घालून नत्थूजीच्या दाराशी गेला. उंबऱ्यापुढे फटाक्यांचे लाल कागद तसेच पडले होते. त्यानं कडी वाजवली.

नत्थूजीनं दार उघडलं. तो पार वाळला होता. मागे चूल पेटलेली होती आणि बाजूला भिजवलेलं पीठ तयार होतं. त्यानं देवरावच्या हातातून गंज घेतला.

"आज उशीर काहून केला गा?" तो म्हणाला. "गोपिकेच्या हाती रोज तर अंधारातच धाडत होता. तुले दुसऱ्याच्या हातची चालत नाही, तूच मागून राहिला, असं सांगे गोपिका. तेवढ्यावरच दिवस काढले मी."

देवरावनं एकदाही मागितली नव्हती. त्यानं मागे वळून पाहिलं. भिंतीच्या कडेशी गोपिका मान खाली घालून उभी होती.

"हो, दादा," देवराव म्हणाला. "मीच मागून राहिलो होतो."