समुद्राकडची खोली

“दोब्रिला, अगं दोन चेक जोडपी दारात उभी आहेत माझ्या!” समोरच्या गच्चीतून झोर्का ओरडली. “माझं घर तुडुंब भरलंय. पाठवू तुझ्याकडे?”

“नको. माझंही भरलंय.”

“कशानं भरलंय? सकाळीच तर सगळे गेले तुझे.”

“योश्को येतोय म्युनिकहून. बायको-पोरांना घेऊन. वरचा सगळा मजला त्याला.”

“ऑगस्टात? फुकट?” झोर्कानं कपाळावर हात मारून घेतला. “बये, ऊन लागलंय तुला. डोक्यावर ओलं फडकं ठेव.”

दोब्रिला हसली आणि चादरीचं टोक गादीखाली खोचू लागली. आज शनिवार. या किनाऱ्यावर शनिवारी जुने पाहुणे जातात, नवे येतात आणि मधल्या वेळात बायका चादरी बदलतात. उन्हाळाभर इथं कुणी स्वतःच्या पलंगावर झोपत नाही. समुद्र दिसणारी खोली पाहुण्याची. घरची माणसं तळघरात, वाइनच्या पिंपांशेजारी खाटा टाकून. दुसरीकडे कुठं असं झालं तर त्याला घराबाहेर काढणं म्हणतील. इथं त्याला हंगाम म्हणतात. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच ती भाड्यासाठी नसलेली चादर अंथरत होती.

फोन वाजला. योश्कोच.

“आई, सगळं ठरलं बघ!” त्याच्यामागे पोरांचा दंगा चाललेला. “आधी स्प्लिट. पोरांना रोमन राजवाडा दाखवू. मग ट्रोगिर. मग खाली डुब्रोव्निक, तिथल्या तटबंदीवरून चक्कर मारायची. आणि मधे चार दिवस नुसता समुद्र. ऊन खात पडून राहायचं.”

“पड ना रे राजा. नवी गादी आणलीये. खिडक्यांची झडपं रंगवून घेतलीत, निळी. आंघोळीलाही तुमचं तुम्हाला वेगळं…”

“आई, आम्ही हॉटेल घेतलंय.”

“कुठं?”

“पलीकडच्या गावात. पोरांना पोहायचा तलाव लागतो गं.”

“का? समुद्राला काय धाड भरलीये?”

“तुझ्याकडे येऊच की. मंगळवारी. जेवायला.”

“म्हणजे पाहुण्यासारखा.”

“पाहुणे तुझ्याकडे झोपतात, आई. जेवत नाहीत.”

दोब्रिलाचं डोकं सटकलं. “घर असताना हॉटेलात राहणार? गाव शेण घालेल माझ्या तोंडात! तुझ्या बायकोला नको असेल माझं घर, तर तसं सांग सरळ.”

“तीच म्हणत होती, आईंकडे राहू. मला नकोय.”

“का पण?”

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. पोरांचा दंगा थांबला.

“बाबा गेले तेव्हा ऑगस्ट होता,” योश्को म्हणाला. “स्वतःच्या हातानं बांधलेलं घर, आणि गेले खाली, पिंपांजवळच्या ओलीत. डॉक्टर मागच्या दारानं आला. मी रडायला लागलो तर तू माझ्या तोंडावर हात दाबलास. वर पाहुणे आहेत म्हणालीस, त्यांची सुट्टी नासेल. पहाटे पाहुणे उठायच्या आत बाबांना चर्चमध्ये नेऊन ठेवलंत. आणि उजाडल्यावर तू त्यांना वर कॉफी नेऊन दिलीस.”

“त्या माणसांना शेवटपर्यंत कळलं नाही,” दोब्रिला म्हणाली.

आवाजात जुना अभिमान होता. तो लपवावा हेसुद्धा तिला सुचलं नाही.

“हो ना,” योश्को म्हणाला. “मी सुट्टीला येतोय, आई. त्या घरात मला सुट्टी घेता यायची नाही.”

सांगण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं. त्याच पाहुण्यांच्या जिवावर त्याची शाळा झाली. नवरा मेला म्हणून कुणी पोरं बरोबर असलेल्या परक्या माणसांना मध्यरात्री रस्त्यावर काढत नाही. आणि ती काय एकटी होती? या अख्ख्या किनाऱ्यानं आपली आजारपणं, बाळंतपणं, मढी मागच्या दारानं हलवली आणि पोस्टकार्डांवर तेवढं निळं पाणी छापलं. कुणाच्या बापानं विचारलं नाही, की बाबांनो, तुम्ही झोपता कुठं?



“मंगळवारी काय करू जेवायला?” तिनं एवढंच विचारलं.

“फार घाट घालू नकोस. पोरं मासे खात नाहीत.”

“बरं.”

“आणि आई, ती खोली देऊन टाक कुणाला तरी. ऑगस्टात कशाला रिकामी ठेवतेस?”

“बरं,” ती पुन्हा म्हणाली. फोन बंद झाला.

तिनं खिडकीची झडपं ओढून घेतली. खोलीत अंधार झाला. बसावंसं वाटलं. पलंग समोरच होता. पण चादर चुरगळली असती, म्हणून ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली. वरचा मजला रिकामा होता. खालचं तळघर रिकामं होतं. झोर्का त्या चेक लोकांना खोली शोधून द्यायला बाहेर पडली होती, तिचे पाहुणे समुद्रावर होते. ऐकायला जवळपास कुणी नव्हतं.

तिनं एप्रनचा बोळा केला, तोंडात कोंबला आणि मगच रडायला सुरुवात केली.