लाल आणि हिरवी रेषा

समुद्राच्या तापमानावरचा शोधनिबंध यंत्राने लिहिला होता आणि तो तपासणारही यंत्रच होतं. आलेख तेवढे माणसाने काढायचे, असा जुना नियम कोणी बदलला नव्हता, म्हणून संस्थेत शर्वाणी बिवलकर एकटी उरली होती. ती आलेख काढणारी संगणकाची स्क्रिप्ट लिहायची, आलेख पानात बसवायची, त्यातली अक्षरं मजकुराशी जुळवायची. यंत्रं थेट आकडे वाचत. आलेखाकडे कोणी बघत नसे.

एका दुपारी तिला निरोप आला. वेंगुर्ल्याच्या दामोदर केंकरे नावाच्या निवृत्त शिक्षकांनी लिहिलं होतं, "ताई, तुमच्या आलेखातली लाल रेषा कुठली आणि हिरवी कुठली, मला कळत नाही. माझ्या डोळ्यांचा दोष आहे. एक रेषा तुटक करता आली तर बघा."

शर्वाणीने तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. मग हिरवी रेषा तुटक केली आणि नवं पान त्यांना पाठवलं.

"आता छान कळतंय. आभारी आहे," एवढं उत्तर आलं. नंतर काहीच आलं नाही.

पुढच्या निबंधात पुन्हा दोन रेषा होत्या. शर्वाणीने एक लाल केली, एक हिरवी. दोन्ही अखंड ठेवल्या, आणि केंकऱ्यांच्या तक्रारीची वाट बघत बसली.