सूर्यभानच्या काट्याची चिठ्ठी

“जीव हाये का त्यात?” सूर्यभाननं विचारलं.

साधना जळक्या कॉम्प्युटरवर वाकली होती. पाठीमागच्या सगळ्या वायरी काढून तिनं कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवल्या, चार स्क्रू फिरवले आणि पानाच्या डब्याएवढी ड्राइव्ह तळहातावर घेतली.

“डबा गेला, काका. ही वाचली. प्रोग्राम, जुन्या चिठ्ठ्या, सगळं हिच्यातच आहे. हिला नव्या कॉम्प्युटरात बसवते.”

“अन नव्यानं वळखलं नाई तं?”

“तर दुपारच्या गाडीनं मी अमरावतीला परत.”

सूर्यभाननं बाहेर पाहिलं. बोरगाव मंजूच्या अलीकडे, त्याच्या वजनकाट्यासमोर, कापसाच्या सतरा ट्रॉल्या उभ्या होत्या. दुपारपर्यंत काटा सुरू झाला नाही तर सतराच्या सतरा दुसरीकडे वळणार, आणि एकदा वळलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे वीस वर्षं काटा चालवलेल्या माणसाला कोणी सांगायला नको.

काट्याचं नाव तरी केवढं! अकोल्याचा व्यापारी एक वेळ सख्ख्या भावावर शंका घेईल, पण सूर्यभानची चिठ्ठी पाहिली की मुकाट्यानं मान हलवेल. ट्रॉली काट्यावर चढायची, खालच्या खड्ड्यातून वायरीनं वजन कॉम्प्युटरवर यायचं, छापून चिठ्ठी निघायची. किलोचा फेर नाही. भिंतीवरचा लाल आकड्यांचा डबा कधीचाच विझला होता. पण कॉम्प्युटर असल्यावर त्याच्याकडे बघतं कोण?

प्रोग्राम लिहून देणारे केव्हाच दुकान गुंडाळून गेले होते. आधीचे तीन कारागीर म्हणाले, नवा प्रोग्राम घ्या. सूर्यभान तयार होईना.

“नव्याची चिठ्ठी येगळी निघते. अक्षर बदललं का माणसाचा भरवसा उडते.”

साधना चौथी. तिनं आधी ड्राइव्हची नक्कल आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतली. दोन तास गेले. बाहेर आरडाओरडा चालला होता, ही बाई आपली शांत, जसं काही उन्हात वाळवण राखत बसली आहे.

रांगेतल्या पहिल्या ट्रॅक्टरचा जानराव दारात आला. “सूर्यभान, मी दुसऱ्या काट्यावर जाऊ का?”

“जाय ना बाप्पा. ट्रॅक्टर ठेव अन पायीच जाय. दिवाळीपासून तीन किलो चढला तू.”

“माही बायकोबी तेच म्हणते!”

सगळे हसले. सूर्यभान मात्र पुन्हा बाहेरच्या ट्रॉल्या मोजू लागला.

साधनानं ड्राइव्ह बसवली. पडदा, कीबोर्ड, माउस, प्रिंटर, एकेक वायर खिळ्यावरून उतरून जागेवर गेली. बटण दाबलं. नव्या कॉम्प्युटरनं ड्राइव्हकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

“काहून?” जानराव.

“बिऱ्हाड जुन्या चालीचं आहे, भाऊ, घर नव्या चालीचं. घरमालकाला सांगावं लागतं.” तिनं आतल्या सेटिंगमध्ये जाऊन सांगितलं. या वेळी पडदा निळाशार झाला आणि कॉम्प्युटर आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झाला.

“निळा पडला! इख चढलं का त्याले?”

“चढलंय. उतरवते.”

पुन्हा आत शिरून तिनं आणखी एक खूण बदलली आणि हात मांडीवर ठेवून बसली. पडद्यावर काळोख. मग हळूच उजाडलं, आणि जुन्या फोटोतलं, मोर्शीच्या बागेतलं ते संत्र्याचं झाड, सूर्यभाननं वर्षानुवर्षं रोज पाहिलेलं, फळांसकट समोर उभं राहिलं.

“बाई नाई बे, वैद्य हाये वैद्य!” जानराव ओरडला.

त्याची ट्रॉली काट्यावर चढली. सूर्यभान नेहमीसारखा तिच्याभोवती एक फेरी मारून आला. चाकावर थाप दिली, बैलाच्या पाठीवर देतात तशी. वाकून आसाकडे पाहिलं. हा त्याचा शिरस्ता, लोक त्याला श्रद्धा म्हणत. मग खुर्चीवर बसून तो एका बोटानं कळा दाबू लागला.

“गाडी नंबर टाकून राहिलो,” तो म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

प्रिंटर कुरकुरला. तीच चिठ्ठी, तेच अक्षर. पाच हजार सहाशे चाळीस किलो.

“अकोल्याच्या जिनिंग मिलमधल्या काट्याचा आकडा जुळल्याशिवाय मी उठत नाही,” साधना म्हणाली. तासाभरानं जानरावचा फोन आला.

“पाच हजार सहाशे पस्तीस!”

साधनाचा चेहरा पडला. “पाच किलोचा फरक, काका.”

सूर्यभान शांत होता. “वाटेनं डिझेल जळलं नाई का? अन जानराव दर फर्लांगाले थुकते, ते येगळंच.”

बाहेर हशा पिकला. साधनाही हसली. असा काटा तिनं आयुष्यात पाहिला नव्हता, आणि त्याला आपण जिवंत केलं, या आनंदात ती सामान आवरू लागली. तोवर सात ट्रॉल्यांच्या चिठ्ठ्या निघून गेल्या होत्या.

पिशवी उचलताना तिचं लक्ष कॅलेंडरकडे गेलं. खिळ्यावर एक वायर अजून लटकत होती. जाड, काळी, भिंतीतल्या भोकातून आलेली. खड्ड्यातली. नव्या कॉम्प्युटरला ती बसेल असं तोंडच नव्हतं.

साधनानं वायरीकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या आठव्या ट्रॉलीच्या आकड्याकडे.

“काका... काट्याची वायर तर मी जोडलीच नाही.”

सूर्यभाननं चिठ्ठी फाडली, खिडकीतून बाहेर दिली आणि आवाज खाली आणला.

“लटकू द्या, ताई. जुन्यालेबी ते शोभेपुरतीच होती. तिचं दुसरं टोक उंदरानं खाल्लं त्याले सात वर्षं झाली.”