केरूचं मंत्रिमंडळ

"जिसको नाना नहीं चाहिए, हाथ उठाओ," आखातातल्या लेबर कॅम्पचा बॉस म्हणाला आणि पहिला हात केरूचा वर गेला.

नानाने काही बोलायला तोंड उघडलं, पण केरूकडे बघून पुन्हा मिटलं. मग एकेक करत सगळ्यांचे हात वर गेले. नानाची मेस कमिटी बरखास्त. संध्याकाळी नानाला सामानासकट एअरपोर्टच्या गाडीत कोंबलं. खलास!

नाना तसा माणूस वाईट नव्हता. रोशनचे वडील वारले, तेव्हा ऑफिसात जमा असलेला पासपोर्ट हातात पडेपर्यंत नानाने त्याला पत्ता लागू दिला नव्हता. कॅम्पची रीतच ती. आधी कळलं तर माणूस इथेच वेडा व्हायचा. तेव्हा हसत हसत रोशनची बॅग केरूनेच भरली होती.

पण हल्ली नानाने काय खूळ घेतलं होतं कोण जाणे! भर उन्हात ऑफिसच्या दारात बसायचा. "एका माणसाचा पासपोर्ट द्या, मगच उठतो." कोणाचा, ते सांगायचा नाही. बॉस खवळला आणि सगळ्यांच्याच सुट्या बंद केल्या. मग केरूला बाजूला घेऊन म्हणाला, "कमिटी तू चला. तेरी छुट्टी पहले."

दुसऱ्या दिवशी नवी कमिटी बसली. केरू, मोहियुद्दीन आणि उमाकांत. उमाकांत परांची बांधायचा, पण इतिहासात बी.ए. झालेला.

"फ्रान्समध्ये १८५१ साली हेच झालं," तो म्हणाला. "अध्यक्षानेच सत्ता उलथवली, दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळ बसवलं. दोन महिनेसुद्धा टिकलं नाही, केरू."

"मला दोन महिने रग्गड झाले. म्हातारीला एकदा डोळे भरून बघतो, मग जाऊ दे तुझं मंत्रिमंडळ खड्ड्यात!"

कॅम्पात केरूशी कोणी बोलेना. जेवायला बसला की शेजारचे ताट उचलून उठून जात. फार लागायचं त्याला, पण गिळायचा. शुक्रवारी घरी फोन लावला की धाकटा पिंटू म्हणायचा, "आई आत्ताच झोपली रे दादा." झोपू दे बिचारी, येतोच आहे मी.

शेवटी इस्त्रीचा शर्ट घालून केरू ऑफिसात गेला.

"साब, मेरी छुट्टी."

बॉसने मानसुद्धा वर केली नाही.

"अब छुट्टी लेके क्या करेगा? माँ की मिट्टी तो कब की हो गई. नाना तेरे ही पासपोर्ट के लिए तो बैठा था."