पहिलं झाड

"आधी त्या तणापासून सुरुवात करा," बागवानकाका कुंपणाकडे बोट दाखवत म्हणाले. "शेजाऱ्याने माजवून ठेवलंय. रोग तिथूनच आला असणार, हवं तर लिहून देतो."

"तणाचीही पानं घेईन, काका. पण सुरुवात दरवर्षीप्रमाणे पहिल्या झाडापासून."

तपासनीस बाईंचा तो नेमच होता, आणि नेमाच्या बाबतीत त्या कोणाच्या बापाचं ऐकत नसत.

फाटकाजवळचं ते संत्र्याचं झाड काकांच्या बायकोने लावलेलं. ती जाऊन चार वर्षं झाली होती. यंदा बुंध्याची साल सुटायला लागली आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

बाईंनी पिशवीतून कात्री काढली. कोवळी डहाळी कापली, पानं पाकिटात घातली. मग कात्री ब्लीचिंगच्या पाण्यात बुचकळून पुढच्या झाडाकडे वळल्या.

"दर झाडामागे तिला आंघोळ?"

"व्हायरॉइड शोधतोय आपण. विषाणूहूनही बारीक. पात्याला जरा रस राहिला, तरी पुढच्या झाडात शिरतो. औषध नाही त्याला. सापडला की झाड मुळासकट काढायचं."

"हेसुद्धा?" काकांचा हात अजून त्याच बुंध्यावर होता.

"हेसुद्धा." बाईंना वाईट वाटलं, पण खोटी आशा दाखवणं त्यांना जमत नसे.

काकांनी विषय बदलला. "पिशवीत हे पाकीट आधीच भरलेलं कसं?"

"ते माझ्या अंगणातलं. ताडून बघायला एक धडधाकट झाड लागतं ना. दरवर्षी तुमच्याकडे निघता निघता याच कात्रीने कापून आणते. बाबांनी लावलेलं आहे, वीस वर्षांत साधं शिंकलंसुद्धा नाही."

काका हसले. मग दोघं मिळून तणात उतरले.

चौथ्या दिवशी तपासणीचा फोटो बाईंच्या हातात आला. रोग असेल त्या रकान्यात पट्टी उमटते. तणाचे सगळे रकाने कोरे होते. दुसऱ्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत सगळे कोरे. पहिल्या झाडाच्या रकान्यात मात्र ठसठशीत पट्टी होती.

त्यांनी मन घट्ट करून फोन लावला. "काका, बाकीची बाग सुटली. शेजाऱ्याचं तणही निर्दोष आहे. पण पहिलं झाड..."



"काढतो," काका म्हणाले. "नियम तो नियम. पण तण चांगलं, बाजूची झाडं चांगली, मग हिच्याच झाडात तो आला कुठून? तेवढं सांगा, ताई."

सांगण्यासाठी बाईंनी फोटो पुन्हा डोळ्यांसमोर धरला. शेवटचा रकाना अंगणातल्या झाडाचा, तो त्या कधी निरखून बघत नसत. तो कोराच असणार, हे त्यांनी धरूनच चाललेलं.

आज तिथेही पट्टी होती. वर त्यांच्याच सुरेख अक्षरात लिहिलं होतं: निरोगी.